खोक्यातला कारभारी

डोळ्यांपुढे एक लाकडी खोकं आणा बरं. लहानसहान नको, चांगलं मोठं आणा. विहिरीवर बसवायचं तेलाचं इंजिन ज्यात भरून येतं, तेवढं. त्यात तुम्हाला बसता येईल, पण उभं राहता येणार नाही. डोकं वरच्या फळीला लागेल. समोरच्या बाजूला एक चौकोनी भोक आहे. त्यातून चेहरा दिसेल, पण खांदे काही बाहेर यायचे नाहीत. पाठीमागे एक दार आहे आणि त्या दाराला बाहेरून कडी आहे.

बसलात आत? आता भोकातून बाहेर पाहा. समोर शंभरेक माणसं बसली आहेत, आणि तुमच्याकडे पाहून ती पोट धरधरून हसत आहेत. अजून हसवावं असं वाटतंय ना?

मानीलाही तसंच वाटलं होतं. निदान सुरुवातीला.

वऱ्हाडात बोरी अरबच्या पलीकडे, अडाण नदीच्या अंगाला, बंजाऱ्यांचा एक तांडा होता. त्यांचे पणजे-खापरपणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. मानीच्या वेळेपर्यंत ते हिंडणं संपलं होतं. तांड्याची शेतं होती, विहिरी होत्या, कुडाची घरं होती. घरात सगळे गोरबोली बोलायचे आणि गावात, शाळेत वऱ्हाडी. इथलं बोलणं तुम्हाला समजावं म्हणून ते बहुतेक वऱ्हाडीतच सांगितलं आहे.

मानी देवीलालची लेक. वय दहा. तिला एक खोड होती. कोणीही माणूस दोनदा पाहिला की तिसऱ्यांदा तो तिच्या अंगात यायचा. मास्तर कसे शिंकतात, गिरणीवाला पीठ जोखताना कसा वर पाहतो, सगळं ती करून दाखवायची. सगळ्यात चांगला तिला जमायचा तो उत्तमसिंग कारभारी. तांड्याच्या नायकाच्या हाताखाली जो सगळा कारभार पाहतो, त्याला कारभारी म्हणतात. हा उत्तमसिंग मिशा वळवत चालायचा आणि वाघालाही भीत नाही म्हणून सांगायचा. पण एकदा त्याच्या धोतरात गोखरूचा काटा अडकला. तो इंचू समजून त्याने असा आरडाओरडा केला, की अर्धा तांडा काठ्या घेऊन धावला. इंचू म्हणजे विंचू. काटा हाती लागल्यावर कारभारी म्हणाला होता, "मी तं तुमाले पारखत होतो, धावता का नाही ते!"

एकोणीसशे बासष्टच्या उन्हाळ्यात तांड्यावर सरकारी प्रचाराची गाडी आली. दिवेलागणीनंतर दोन लिंबांच्या मध्ये पांढरा पडदा बांधला. पहिला चित्रपट कपाशीवरच्या किडीचा होता. माणसं जांभया देऊ लागली, तसं गाडीवाल्याने दुसरं रीळ चढवलं. त्यात कुठल्याशा परक्या देशात टेलिव्हिजनवरचा विनोदी कार्यक्रम कसा तयार होतो, ते दाखवलं होतं. सांगणारा आवाज तेवढा हिंदीत होता.

"टेलिव्हिजन म्हंजे काय गा?" देवीलालच्या बहिणीने, रुक्माबाईने विचारलं.

"रेडिओच, मायबाई. पन त्यात मानूस दिसते," गाडीवाला म्हणाला.

"अन् तो आत जाते कुठून?"

सगळे हसले. गाडीवालाही हसला.

पडद्यावर एक जाडा माणूस लोकांना हसवत होता. त्याच्याभोवती दिवे होते, चाकांवरची यंत्रं होती, आणि एक माणूस हातातल्या घड्याळाकडे पाहून बोटांनी किती वेळ उरला ते दाखवत होता. मध्येच त्या जाड्याला दार उघडून बाहेर जायचं होतं, आणि दार उघडेचना. पडद्यामागे सुताराला घाम फुटला. कोणी डोक्याला हात लावला. पण थांबलं कोणीच नाही. जाड्याने दाराला नमस्कार केला आणि तो खिडकीतून बाहेर पडला. पाहणाऱ्यांना वाटलं, हे ठरवूनच केलं आहे. ते आणखी हसले. आवाज सांगत होता, की हे सगळं याच क्षणी घरोघरी दिसत आहे, आता काही झालं तरी थांबता येत नाही.

मानी पापणी न लववता पाहत होती. गाडीवाला तार गुंडाळू लागला तेव्हा ती त्याच्याजवळ गेली.

"भाऊ, मधातच कोनी थांबलं तं?"

"चालू कार्यक्रम थांबवते त्याले दुसऱ्या दिवशी कोनी कामावर ठेवत नाही," गाडीवाला म्हणाला.

मानीने ते मनात घट्ट बांधून ठेवलं.

चार दिवसांत तांड्याचा टेलिव्हिजन तयार झाला. खोकं किसनरावांचं होतं. किसनराव बोरीचे शेतकरी. त्यांचं शेत तांड्याच्या बांधाला लागून. त्यांचं नवं इंजिन दारव्ह्याला छोट्या रेल्वेने आलं होतं, आणि रिकाम्या खोक्याला त्यांनी दार आणि कडी बसवून घेतली होती. रात्री त्यात शेळ्यांची करडं कोंडायची. करडांना हवा मिळावी म्हणून समोर भोकही त्यांनीच कापलं होतं. मानीने खोकं मागितलं तेव्हा ते म्हणाले, "घेऊन जा, पन करडं परत याच्या आंधी आनून द्याचं. अन् मी बी पाह्यले येतो, घरच्याईले घेऊन."

बैलगाडीवर घालून खोकं तांड्याच्या मधल्या मोकळ्या जागेत आणलं. खाली अंथरलेलं वाळलं गवत तसंच राहू दिलं. बसायला मऊ होतं. घड्याळ नव्हतं, म्हणून मानीने एका डब्याच्या बुडाला खिळ्याने बारीक छिद्र पाडलं, डबा पाण्याने भरून लिंबाच्या फांदीला टांगला. पाणी संपलं की कार्यक्रम संपला.

दारावर माणूस हवा होता. ते काम तिच्या चुलतभावाकडे, गुलाबसिंगकडे आलं. तो तिच्याहून वर्षाने लहान, आणि सांगितलेलं काम जिवावर घेऊन करणारा.

पहिल्या तालमीतच घोटाळा झाला. कडी सैल होती. मानी आत हातवारे करू लागली, तशी कडी सटकली, दार उघडलं आणि मानी पाठीवर पडली. पाहणारी पोरं गडाबडा लोळली.

"असं चालनार नाही," मानी धूळ झटकत म्हणाली. "कोयंड्यात खुटी ठोक."

गुलाबसिंगने बाभळीची खुंटी आणली आणि दगडाने ठोकली.

"आता आयक. पानी संपेपर्यंत खुटी काढाची नाही."

"अन् तू म्हनली तं?"

"मी म्हनली तरी नाही. मी आराडली, रडली, तुले शिव्या देल्या, तरी नाही. चालू कार्यक्रम थांबत नसते."

"अन् आग लागली तं?"

मानीने जरा विचार केला. "आग लागली तं काढजो."

"शपथ?" गुलाबसिंगने विचारलं.

"शपथ."

बघा, मुलांनो, किती नीट ठरवलं होतं तिने. आग सोडून दुसरं काही होऊ शकतं, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. आपण नियम करतो तेव्हा आपण बाहेर मोकळे उभे असतो. कोंडलेल्या माणसाला त्या नियमाचं काय होईल, ते त्या वेळी दिसत नाही.

ऊन कललं, तशी माणसं जमली. पुढे बाया बसल्या: मानीची आई जमनाबाई, तिच्याजवळ रुक्माबाई, मग बाकीच्या. मागे पुरुष. किसनराव बायकोला आणि लेकरांना घेऊन आले; त्यांच्यासाठी बाज टाकली होती. उत्तमसिंग कारभारी सगळ्यांच्या मधोमध बसला. आपलीच नक्कल होणार हे त्याला माहीत होतं, आणि मनातून तो खूश होता.

गुलाबसिंगने डब्याच्या छिद्रातला चिंधीचा बोळा काढला. पाण्याचा पहिला थेंब पडला. खोक्याच्या भोकात चेहरा आला: डोक्यावर बापाचं लाल पागोटं, ओठांवर काजळाच्या गालांपर्यंत वळलेल्या मिशा.

तोंडातून शब्द निघायच्या आधीच लोक हसायला लागले.

"रामराम! मी उत्तमसिंग कारभारी, टेलिव्हिजनच्या आतून बोलून राह्यलो! पागोटं आत येत नव्हतं, तं आंधी पागोटं पाठवलं अन् मंग मी आलो!"

"हुबेहूब!" कोणीतरी ओरडलं.

तिने कारभाऱ्याचं खाकरणं केलं, मिशी वळवणं केलं, पंचायतीत झोप लागल्यावर डोळे उघडे ठेवण्याची त्याची तऱ्हा केली. मग ती गोखरूच्या काट्यावर आली. "इंचू! इंचू!" म्हणत तिने आत थयथयाट केला. पाय गवतावर आपटले, खोकं गदगदा हाललं, पागोटं डोळ्यांवर आलं. किसनराव बाजेवरून उतरून खाली बसले, एवढं त्यांना हसू आवरेना. खरा कारभारी डोळे पुसत म्हणत होता, "कार्टीनं पुरा बदनाम केला मले!"

डब्यात अजून अर्ध्याहून जास्त पाणी होतं. मानी दम घ्यायला थांबली. पागोटं सावरताना तिची नजर खाली गेली.

फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत येत होत्या. पायांनी विस्कटलेल्या गवतातून एका पट्टीत काहीतरी आलं आणि थांबलं. बारीक, तांबूस. शेपटी वर वळलेली.

तो इंचू होता.

काळा मोठा इंचू दिसायला भयानक. पण हा लहान तांबडा जास्त वाईट, हे तांड्यातल्या पोराबाळांनाही माहीत होतं. मागच्या उन्हाळ्यात रामधनच्या पोराला असाच डसला होता. वैदू आणेपर्यंत उशीर झाला आणि पोरगं गेलं. मानी त्याच्याबरोबर चिंचा पाडायला जायची.

इंचू तिच्या डाव्या पायापासून वीतभर होता. तिने पाय हळूच जवळ ओढला. उभं राहता येत नव्हतं. मागे सरकायला दार होतं, ते बंद. पुढे भोक, त्यातून फक्त चेहरा बाहेर.

"इंचू," ती म्हणाली. आवाज फाटल्यासारखा आला.

लोक पुन्हा हसले.

"नाही, खरंच इंचू हाये! आत हाये! दार उघडा!"

"कारभाऱ्याले पुन्हा चावला रे!" मागून कोणी ओरडलं.

"मले नाही चावला रे!" उत्तमसिंग उठून उभा राहिला आणि त्याने धोतर झटकून दाखवलं. "मी तं इथं हाये, पाह्य!"

हशाचा लोट आला. मानीने आईकडे पाहिलं.

"याडी!" आईला तांड्यात याडी म्हणतात. "याडी, मी खेळ नाही करून राह्यली. मी कारभारी नाही, मी मानी होय!"

त्या मिशा, ते पागोटं, आणि त्यातून आलेला हा लहान आवाज. जमनाबाईने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हसण्याने हालत होते. शेजारणीने तिला कोपर मारून म्हटलं, "काय नक्कल्या पोरगी जन्माले घातली वं, जमना!"

मानीला तेव्हा कळलं. या भोकातून जे काही बाहेर जातं, ते बाहेर गेल्यावर गंमत होतं. खरं बोललं तरी गंमत. ओरडलं तर मोठी गंमत. तिने डोकं न हलवता मागच्या फटीकडे आवाज टाकला.

"गुलाब, खुटी काढ."

"लय भारी करून राह्यली, मानी!" फटीतून कुजबुज आली. "लोकं लोळून राह्यले!"

"गुलाब, इंचू हाये. तांबडा. तुह्या गळ्याची शपथ."

मग गुलाबसिंगचा आवाज, थोडा घाबरलेला, पण पक्का: "तूनंच सांगतलं होतं असं म्हनशील म्हनून. पानी बाकी हाये अजून. मी नाही फसत."

तिने डब्याकडे पाहिलं. थेंब पडत होते. एक. मग बऱ्याच वेळाने दुसरा. छिद्र किती बारीक पाडलं होतं तिने! कार्यक्रम लवकर संपू नये म्हणून.

ती गप्प बसली. हललं नाही तर इंचू डसत नाही, असं बापाने एकदा सांगितलं होतं. समोर लोक वाट पाहत होते. तिचं ते डोळे खाली लावून गप्प बसणंसुद्धा त्यांना कारभाऱ्याचं रुसणं वाटलं. "बोला, कारभारी, बोला!" पोरं टाळ्या वाजवू लागली. आत उकडत होतं. काजळ घामाने ओघळून ओठांवर येत होतं, आणि पुसायला हात उचलायची सोय नव्हती.

इंचू चालू लागला. घागऱ्याच्या काठावर चढला. तिला त्याचं वजन कळलं नाही. पण उन्हाच्या पट्टीतून सावलीत जाताना तो तिला दिसला. आणि मग गुडघ्यावर, कापडाच्या घडीत, येऊन बसला.

मानीच्या तोंडून आवाज निघाला. तो ओरडण्याचा नव्हता. ओरडलं असतं तर अंग हाललं असतं. तो लांब, खालून वर जाणारा आणि वरून तुटत खाली येणारा सूर होता. तिने तो ठरवून काढला नाही. भीतीने छाती भरली आणि तो आपोआप वाट काढून बाहेर आला.

इथे तुम्हाला तांड्याची एक रीत सांगितली पाहिजे. बंजाऱ्यांच्या घरी मुलीचं लग्न ठरलं की तिला रडायला शिकवतात. हसू नका, खरंच शिकवतात. निरोपाच्या वेळी नवरी एकेका माणसाच्या गळ्यात पडते आणि सुरात रडते, रडता रडता आपलं दुःख शब्दांत सांगते. शब्द तिचे स्वतःचे असतात, सूर पिढ्यांचा. त्याला ढावलो म्हणतात. लहान पोरी दाराआडून ऐकून ऐकून तो शिकतात, पण लग्नाआधी कोणी तो तोंडाने काढत नाही. तो खेळण्याचा सूर नव्हे. आणि तो कानावर पडला की जवळच्या बाईने बसून राहायचं नसतं. हातातलं काम टाकून उठायचं, रडणारीच्या गळ्यात हात घालायचा आणि तिच्याबरोबर रडायचं. एकटीला रडू द्यायचं नाही.

"याडीये," मानी त्या सुरात म्हणत होती, "मी कोंडली गेली वं, याडी. माहं कोनी आयकत नाही."

पुढच्या रांगेतलं हसू एकदम थांबलं. मागे पुरुष थोडा वेळ हसत राहिले, मग तेही चपापले. किसनरावांच्या लेकरांना काही कळलं नाही. ती तशीच खिदळत होती.

जमनाबाईचा चेहरा लाल झाला. "हे खेळाचं हाये का?" ती उठत म्हणाली. "कुवारी पोरगी, मिशा लावून ढावलो काढते! थांब, दोन लावतेच!"

पण तिच्या आधी रुक्माबाई उठली होती. ती रागावली नव्हती, तिने विचारही केला नव्हता. तीस वर्षांत असा सूर ऐकला की ती उठत आली होती, तशीच आत्ताही उठली. गुडघे दुखत होते तरी खोक्यापुढे ती खाली बसली, भोकातून हात आत घातला आणि पागोट्यासकट त्या लहान मानेला विळखा घातला. गालाला गाल लावला.

गाल थरथरत होता. आणि थंडगार होता, एवढ्या उकाड्यात.

रुक्माबाईने मानीच्या सुरात सूर मिळवला. रीतीप्रमाणे विचारलं, "काय झालं, माह्या लेकी, काय दुखलं तुले?"

"फूफी," मानीने त्याच सुरात उत्तर दिलं. बापाच्या बहिणीला फूफी म्हणतात. "फूफी वं, डाव्या गुडघ्यावर तांबडा इंचू बसला. गुलाब दार नाही उघडत."

रुक्माबाईने मान मागे घेतली नाही. हातही सोडला नाही. सूर तोडला असता तर पोरगी दचकली असती, हे त्या बाईला कोणी शिकवलं नव्हतं, पण कळलं. ती रडत्या सुरातच म्हणाली, "हलू नको, माह्या लेकी, दगडावानी बस. तुह्या बापाले बलावते मी." आणि मग तोंड न वळवता, त्याच लांब सुरात, "ये रे भाऊ, ये देवीलाल, मांगून ये. पोरीजवळ इंचू हाये, खराच हाये."

जमनाबाईचा उगारलेला हात तसाच हवेत राहिला.

देवीलाल बाया-पोरं ओलांडत धावला. दारापाशी गुलाबसिंग पाठ लावून उभा होता.

"सरक!"

"पन काका, पानी..."

देवीलालने त्याला उचलून बाजूला ठेवलं. खुंटी घट्ट बसली होती. त्याने ती ओढली, हालेना. दगड उचलला.

"ठोकू नको, भाऊ," रुक्माबाईचा सूर आला, "खोकं हालन."

आता बघा, दोन बोटं जाड बाभळीची खुंटी, आणि ती ठोकायची नाही, हिसकायची नाही. देवीलालने गुडघे टेकले आणि दातांनी खुंटी धरली. पिळत, चावत, इकडून तिकडे करत तो ती केसाकेसाने बाहेर काढू लागला. सगळा तांडा उभा होता. फक्त दोन आवाज चालू होते, एक म्हातारा आणि एक लहान.

"कुठं हाये आता, माह्या लेकी?"

"तिथंच हाये, फूफी."

"तुह्या फूफीचा हात कुठं हाये?"

"माह्या गळ्यात."

"मंग कायचं भेव, माह्या लेकी. बाप आला, दाराशी आला."

"फूफी, तो चालून राह्यला. वरते येऊन राह्यला."

"येऊ दे. तू माह्याकडं पाह्य. खाली पाहू नको. माह्या नाकातली नथ पाह्य, किती वाकडी हाये ते पाह्य."

मानीने नथ पाहिली. ती खरंच वाकडी होती. तिने त्या वाकड्या नथीवर डोळे रोवले आणि सूर चालू ठेवला. शब्द संपले, तरी नुसता सूर.

खुंटी सुटली. देवीलालने कडी काढली, दार बोटभर बोटभर उघडलं. आत एकदम उजेड पडला. इंचू तिच्या मांडीवर होता. उजेड लागताच तो वळला आणि घागऱ्याच्या घडीकडे, सावलीकडे, जाऊ लागला. किसनरावांनी मागून आपली काठी पुढे केली होती. देवीलालने ती घेतली, टोक घडीच्या आणि इंचवाच्या मध्ये सरकवलं आणि एका झटक्यात त्याला उडवलं. तो बाहेर मातीत पडला. उत्तमसिंग कारभाऱ्याने, ज्याला इंचवाच्या नावानेही कापरं भरायचं, त्याने वहाणेच्या टाचेने त्याला चिरडलं. मग स्वतःच्या पायाकडे तो विश्वास बसत नसल्यासारखा पाहत राहिला.

देवीलालने मानीला बगलेत धरून मागच्या बाजूने बाहेर ओढलं. जमनाबाईने तिला चाचपून पाहिलं, पाय, पोटऱ्या, पाठ. कुठे डसलं नव्हतं. मग जमनाबाई तिथेच मातीत बसली. "मी हासत होती वं," ती म्हणत होती, "माही पोरगी मरनाच्या दारात बसली अन् मी हासत होती." रुक्माबाई अजून पुढच्या बाजूला बसली होती, तिचा हात रिकाम्या भोकात तसाच राहिला होता. शेजारच्या दोन बायांनी तिला धरून उठवलं.

किसनरावांच्या धाकट्या लेकाने विचारलं, "बाबा, खेळ संपला?"

किसनरावांनी त्याला जवळ ओढलं.

गुलाबसिंग खोक्याशेजारी उभा होता. नाकातलं पाणी, डोळ्यांतलं पाणी, सगळं एक झालं होतं. हाताच्या मुठीत चावलेली खुंटी होती. "तूनंच सांगतलं होतं," तो म्हणत होता. "मानी, तूनंच सांगतलं होतं. आग म्हनली होती तू. इंचू नव्हती म्हनली."

"हो," मानी म्हणाली. "मीच सांगतलं होतं."

लोकांना वाटलं, आता ती रडेल. जमनाबाईने तिला जवळ घ्यायला हात पुढे केले. पण मानी आईकडे गेली नाही. तिने पागोटं डोक्यावरून काढून बापाच्या हातात दिलं. खाली वाकून तिने तो दगड उचलला, बापाने ठोकायला घेतलेला आणि टाकून दिलेला. खोक्याच्या मागे जाऊन ती दारापुढे बसली. कडी दोन खिळ्यांनी फळीवर ठोकलेली होती. मानीने दगड बाजूने धरला आणि कडीवर हाणला.

ठण्ण आवाज झाला. किसनरावांच्या बायकोने कानांवर हात ठेवले.

दुसरा ठोका. तिसरा. कडी एका बाजूने वाकडी होऊन उचलली गेली आणि पहिला खिळा फळीतून अर्धा बाहेर आला.

"अवं पोरी," किसनराव जवळ येत म्हणाले, "हे काय करून राह्यली? करडं यायची वेळ झाली. कडी नसली तं कोंडू कसं त्याईले?"

मानीने ऐकलं. त्यांच्याकडे पाहिलंही. मग खिळा बोटांनी धरून, मागेपुढे हलवून तिने तो उपटला आणि गुलाबसिंगच्या हातावर ठेवला. तो खुंटी टाकून तिच्या शेजारी बसला आणि फळी हालू नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी दाबून धरली.

मानीने हाताच्या पाठीने ओठांवरचं काजळ पुसलं, दगड नीट पकडला आणि दुसऱ्या खिळ्याशी भिडवून हाणला.